होडीची छावणी



खालचें पाणी होडींत शिरूं नये म्हणून माणसानें केलेल्या खटपटींचा इतिहास मोठा आहे, आणि तो पुष्कळांनीं लिहिलाहि आहे. फळ्यांचे सांधे कसे बसवावे, त्यांत कापूस कसा ठासावा, वरून राळ आणि तेल यांचें लुकण कसें द्यावें, याचें शास्त्र गलबतें बांधणाऱ्या प्रत्येक देशांत तयार झालें. वरून पडणाऱ्या पाण्याची दखल मात्र इतिहासकारांनीं फारशी घेतलेली नाहीं. आज त्या वरच्या पाण्याविषयीं चार शब्द आपणांस सांगावे असें मनांत आहे. विषय लहान आहे खरा. पण ज्याची सारी दौलत एका होडींत सामावलेली असते, त्याला तो लहान वाटत नाहीं.

देवगड तालुक्यांत मिठबांव म्हणून एक गांव आहे. उत्तरेस कुणकेश्वर, दक्षिणेस आचरें, आणि मध्यें हा वाळूचा पट्टा. समुद्राच्या कडेला खडकाळ टोंकावर गजबादेवीचें देऊळ, मागें माडांची दाटी, शेजारीं तांबळडेग. पूर्वीं हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून तो त्या जिल्ह्यांत आला. या भागांतली मासेमारी मुख्यतः गाबीत समाजाकडे आहे, आणि शिवछत्रपतींच्या आरमाराशीं असलेलें आपलें नातें हा समाज अभिमानानें सांगतो. देवगडचें बंदर जमिनीनें वेढलेलें; भर पावसाळ्यांतहि तेथलें पाणी पुष्कळ शांत असतें. उघड्या किनाऱ्यावरच्या गांवाला हें भाग्य नाहीं. तेथें वाळू हीच गोदी. आषाढांतल्या लाटा ज्या रेषेपर्यंत येतात तिच्याहि वर होडी ओढून न्यावयाची, आणि दर्या शांत होईपर्यंत तिला तेथें जपावयाची.

वैशाख सरत आला कीं किनाऱ्यावर ‘आगोट’ हा शब्द ऐकूं येऊं लागतो. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचे दिवस, आणि त्या दिवसांत करावयाची बेगमीहि. मीठ-मिरची भरणें, सुके मासे डब्यांत घालणें, सर्पण पडवींत रचणें, घराची शाकारणी उरकणें, हीं कामें तर घरोघर असतातच. ज्याच्या घरीं होडी आहे त्याच्या मागें आणखी एक घर शाकारावयाचें असतें. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागतें. तोंवर हें दुसरें घर उभें राहिलें नाहीं, तर त्या वर्षीं होडीचें कांहीं खरें नाहीं.

आतां पावसाचें पाणी तें किती, असें कोणी विचारील. त्याचा थोडा हिशेब करूं. सरकारी मोजणींत चोवीस तासांत ६५ मिलीमीटरहून अधिक पाऊस पडला म्हणजे अतिवृष्टि धरतात. कोंकणांत असे दिवस एका हंगामांत अनेक येतात. वीस फूट लांब आणि मध्यें पांच फूट रुंद अशी साधी होडी घ्या. दोन्ही टोंकें निमुळतीं असल्यामुळें तिचें उघडें तोंड साधारण सत्तर चौरस फूट भरेल. एवढ्या तोंडांतून ६५ मिलीमीटर पाऊस आंत आला तर सव्वाचारशे लिटरच्या आसपास पाणी सांचतें, म्हणजे जुन्या मापानें अकरा मणांच्या वर. हें एका दिवसाचें झालें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकांठीं सुमारें तीन हजार मिलीमीटर पाऊस होतो, आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. त्या मानानें एका लहानशा होडीवर एका पावसाळ्यांत एकोणीस-वीस हजार लिटर पाणी ओतलें जातें. नदीचा एखादा फांटा तिच्यावर सोडून दिल्यासारखेंच म्हणाना!

वाळूवर टेकवून ठेवलेल्या होडीला हें पाणी पाण्यांत तरंगणाऱ्या होडीपेक्षां अधिक घातक असतें. वरवर पाहतां उलट वाटेल. तरंगणाऱ्या होडींत पाणी सांचलें म्हणजे ती जड होऊन खालीं बसते, तिचे कांठ पाण्याला टेकूं लागतात आणि आंतलें पाणी डुलतां डुलतां एका अंगाला धांवलें कीं ती कलंडते. हें भय सर्वांच्या डोळ्यांसमोर असतें. पण तरंगणाऱ्या होडीच्या फळ्यांना बाहेरून समुद्राचा आधार असतो. आंतलें पाणी बाहेर रेटतें, बाहेरचें आंत रेटतें, आणि फळी त्या दोहोंमध्यें तग धरते. वाळूवर मात्र बाहेरून हवेशिवाय कोणी नाहीं. आंतलें दहा-वीस मण पाणी सांध्यांना बाहेर ढकलीत राहतें, खिळे ढिले होतात, आणि जी होडी समुद्राच्या रेट्याला वर्षानुवर्षें पुरून उरली ती जमिनीवर उभ्या उभ्या उकलते.

दुसरें भय कुजण्याचें. लांकूड कुजवणारी बुरशी हा एक सजीवच आहे. तिला ओल हवी आणि हवाहि हवी. लांकडाच्या वजनाच्या सुमारें पंचमांशाहून अधिक ओल त्यांत टिकून राहिली कीं ती मूळ धरते. पूर्ण बुडालेल्या लांकडाला हवा मिळत नाहीं, कोरड्या लांकडाला ओल मिळत नाहीं. मधल्या स्थितींत, म्हणजे पावसानें भिजून वर उबट हवा लागणाऱ्या लांकडांत, तिचें चांगलें फावतें. शिवाय खारें पाणी या बुरशीला मानवत नाहीं. म्हणून समुद्राच्या पाण्यानें जी होडी पंचवीस वर्षें टिकते, ती पावसाच्या पाण्यानें पांच वर्षांत खिळखिळी होते. फळ्यांचीं टोंकें, खिळ्यांचीं भोंकें, फासळ्यांच्या खालच्या खोबणी, हीं तिचीं मर्मस्थानें. पाणी तेथें थांबतें, आणि बाहेरून सारें ठाकठीक दिसत असतां आंत लांकडाचा भुगा होतो.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. गोडें पाणी होडीच्या आंत वैरी असलें तरी बाहेरून तें मित्रहि होऊं शकतें. खाऱ्या पाण्यांत लांकूड पोखरणारा एक प्राणी आहे. दिसतो तो जंतासारखा, पण जातीनें शिंपल्यांचा भाऊबंद. त्यानें मोठमोठ्या गलबतांच्या तळांची चाळण केलेली आहे. हा प्राणी गोड्या पाण्यांत जगत नाहीं. म्हणून गलबतें नदीच्या मुखापासून वर, गोड्या पाण्यांत नेऊन ठेवण्याची चाल अनेक देशांत होती. पावसाळ्यांत आमच्या खाड्यांचें पाणी पुरानें गोडें होतें तेव्हां तेथें राहिलेल्या नौकांना हा लाभ आपोआप मिळतो. तेंच पाणी बाहेर औषध आणि आंत विष. खलाशाचें सगळें कौशल्य त्या दोहोंमध्यें एक बोटभर जाडीची फळी शाबूत राखण्यांत आहे.

मिठबांवच्या किनाऱ्यावर पुष्कळ वर्षांपूर्वीं एका वृद्ध गृहस्थांनीं मला एक हकीकत सांगितली होती. त्यांच्या लहानपणची, म्हणजे ते बारा-तेरा वर्षांचे असतांनाची. वडिलांनीं कर्ज काढून नवी होडी बांधविली होती. पहिलाच पावसाळा. होडी वर ओढली, दोन्ही अंगांना टेकू दिले, तळाचें बूच काढून ठेवलें, वर झापांचें छप्पर घातलें. आषाढांत दोन दिवस आणि दोन रात्री पाऊस खळला नाहीं. दुसऱ्या रात्रीं वाऱ्यानें आढ्यावरचीं झापें उडविलीं. घरांत सर्वांना आवाज ऐकूं आला. पण बूच काढलेलें आहे, पाणी पडेल तसें वाहून जाईल, सकाळीं पाहूं, असें म्हणून कोणी बाहेर पडलें नाहीं. सकाळीं जाऊन पाहतात तों होडी बसावयाच्या आडव्या फळ्यांपर्यंत भरलेली, समुद्राकडच्या अंगाचे टेकू वाळूंत रुतलेले, आणि सारा भार त्या अंगावर येऊन दोन फळ्या फांकलेल्या. वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं वांकून बुचाच्या भोंकांत बोट घातलें आणि माडाच्या केसरांचा एक बोळा बाहेर ओढला. छपरावरून गळलेला तो कचरा पाण्याबरोबर वाहत येऊन भोंकाशीं बसला होता.

“होडी दर्यात बुडता त्यापेक्षा खोपीत जास्त बुडता, बाबानू,” असें ते गृहस्थ म्हणाले. त्या वर्षीं नारळी पौर्णिमेला त्यांच्या घरची होडी पाण्यांत गेली नाहीं. वडील दुसऱ्याच्या होडीवर वांटेकरी म्हणून गेले, मुलाची शाळा सुटली, आणि कर्ज फिटावयास पुढें तीन वर्षें लागलीं. बोळा केवढा होता, हें मला दाखवितांना त्यांनीं अंगठा आणि तर्जनी जुळवून एक लहानसें वर्तुळ केलें. सुपारीएवढें असेल.

होडीवरचें हें छप्पर घालण्याची रीत पाहण्यासारखी असे. तिचें साहित्य सारें माडाचें. चुडताचा मधला दांडा उभा चिरून त्याचे दोन भाग करावयाचे, पाण्यांत भिजवून मऊ करावयाचे आणि पानें एकमेकांत विणून झापें तयार करावयाचीं. दोऱ्या काथ्याच्या सुंभाच्या. होडीच्या दोन्ही टोंकांना दुबेळक्यांचे खांब रोवून त्यांवर एक लांब आढें टाकीत. आढ्यापासून दोन्ही अंगांना वांसे, आणि वांशांवर खालून वर चढत जाणारे झापांचे थर. प्रत्येक वरचा थर खालच्यावर निम्मा तरी आलेला पाहिजे. उतार चांगला उभा ठेवावा लागे, कारण पानाच्या छपरांतून पाणी गळूं नये याचें रहस्य पानांत नसून उतारांत असतें. पाण्याला थांबावयास सवड मिळाली कीं तें आंत उतरलेंच. छपराची कड होडीच्या कांठाच्या बाहेर हातभर तरी यावयास हवी, म्हणजे पागोळ्या कांठावर न पडतां वाळूंत पडतात. टोंकाकडची बाजू पश्चिमेच्या वाऱ्याकडे धरावयाची. आडवी होडी ठेवली तर वारा छपराखालीं शिरून तें उचलतो. वरून सुंभाचे वेढे, आणि वेढ्यांच्या टोंकांना दगड.

या सर्वांत मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती एक साधी गोष्ट. छप्पर होडीला चिकटवीत नसत. कांठ आणि छपराची कड यांमध्यें मोकळी फट राही, आणि तिच्यांतून वारा खेळे. पावसाळ्यांतली हवा दमट खरी, पण वाहती हवा ती वाहतीच. कोंडलेल्या ओलीपेक्षां ती पुष्कळ बरी. अगदीं लहान, एका लांकडांतून कोरलेल्या होड्या असत त्यांची उलांडी सोडून घेत आणि होडी दोन ओंडक्यांवर पालथी घालीत. तेथें पाणी सांचण्याचा प्रश्नच उरत नसे. मोठी होडी पालथी घालतां येत नाहीं, म्हणून तिला छप्पर.

आतां आपण ज्याला ‘छावणी’ म्हणतों त्या शब्दाकडे वळूं. आज छावणी म्हटली कीं शिपायांच्या बराकी डोळ्यांपुढें येतात. पण छावणें म्हणजे आच्छादन घालणें, छप्पर घालणें. मराठ्यांच्या कागदपत्रांत फौजेनें छावणी केली असें येतें तेव्हां त्याचा अर्थ, पावसाळ्यापुरतीं छपरें उभारून तिनें एका जागीं मुक्काम केला, असा असतो. दसऱ्याला सीमोल्लंघन झालें म्हणजे छावणी उठे. आणि मौज अशी कीं ही जमिनीवरची छावणी उठण्याच्या जवळजवळ दोन महिने आधीं, श्रावणी पौर्णिमेला, समुद्रावरची छावणी उठत असे. घोडदळाला चिखल सुकावा लागतो आणि नद्यांना उतार पडावा लागतो. होडीला फक्त दर्याचा जोर ओसरावा लागतो.

आरमाराच्या संदर्भांत हाच शब्द रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त येतो. हा ग्रंथ सुमारें १७१५ सालचा. त्यांतील आरमाराचें प्रकरण पुष्कळांना आंब्या-फणसाच्या झाडांविषयींच्या आज्ञेमुळें ठाऊक असतें: हीं झाडें आरमाराच्या उपयोगाचीं असलीं तरी त्यांस हात लावूं देऊं नये, कारण रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, एखादें जीर्ण झालेलें झाड घ्यावयाचेंच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावें. त्याच प्रकरणांत आरमाराच्या पावसाळी छावणीचाहि विचार आहे. किल्ल्याचा आश्रय पाहून ती करावी आणि सारें आरमार एकाच ठिकाणीं न ठेवतां जागोजाग ठेवावें, असा त्याचा आशय आहे. राज्यकर्त्याच्या नजरेला शत्रु दिसत होता, मिठबांवच्या तांडेलाला पाऊस. पण वर्षांतले तीन-चार महिने नौका ही समुद्रावरची वस्तु नसून घरांतली वस्तु असते, आणि तिचें तेथेंच सर्वाधिक नुकसान होऊं शकतें, हें दोघांनाहि कळलेलें होतें.

जागोजाग ठेवण्याचा तो सल्ला किती मोलाचा होता हें पुढें याच तालुक्यांत दिसून आलें. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन आणि क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हां तुळाजी आंग्र्यांचीं जहाजें किल्ल्याच्या आश्रयाला एकत्र होतीं. एका जहाजाला आग लागली आणि ती एकावरून दुसऱ्यावर जात सारें आरमार जळालें. हा काळ पावसाळ्याचा नव्हे, आणि या आगीचा झापांच्या छपरांशीं कांहीं संबंध नाहीं, हें सांगून ठेवतों. नाहींतर माझ्या विषयाच्या ओघांत मी इतिहास वांकविला असा आरोप यावयाचा. विजयदुर्गाजवळ, वाघोटनच्या खाडींत, गिर्ये गांवाच्या बाजूस मराठ्यांच्या आरमाराची गोदी अजून पाहावयास मिळते. भरतीबरोबर जहाज आंत घ्यावयाचें आणि ओहोटीला गोदी कोरडी पडली कीं त्याच्या तळाचें काम करावयाचें, अशी तिची योजना. समुद्राचें पाणी वेळापत्रकाप्रमाणें येतें आणि जातें, म्हणून अशी गोदी बांधतां येते. आकाशाच्या पाण्याला वेळापत्रक नाहीं.

हा विचार केवळ आमच्याच किनाऱ्यावर सुचला असें मात्र नव्हे. ग्रीक कवि हेसिअड ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास होऊन गेला. शेतकऱ्याला वर्षभराचीं कामें सांगतांना तो नौकेकडेहि वळतो. वादळी ऋतु आला म्हणजे नौका जमिनीवर ओढून घ्यावी, वाऱ्यानें हलूं नये म्हणून तिच्या भोंवतीं दगड रचावे, आणि तळाचें बूच काढून ठेवावें, म्हणजे पावसानें ती कुजणार नाहीं, असा त्याचा उपदेश आहे. त्यांच्याकडचा पाऊस हिंवाळ्यांत पडतो, आमच्याकडचा आषाढ-श्रावणांत, एवढाच काय तो फरक. भोंकाशीं कचरा बसतो हें मात्र त्यानें सांगितलेलें नाहीं. तें सांगावयास मिठबांवचा मनुष्यच हवा.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो यानें इराणच्या आखातांतील होर्मुझ बंदरांत जीं गलबतें पाहिलीं, त्यांचें वर्णन त्यानें केलें आहे. तीं नारळाच्या काथ्यानें शिवलेलीं, डांबराऐवजीं माशाचें तेल चोपडलेलीं होतीं. आपल्याकडेहि शिवलेल्या होड्या होत्या. गोव्याच्या किनाऱ्यावर त्या अलीकडेपर्यंत टिकून राहिल्या. भोजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत नौकेच्या तळाला लोखंडाचे खिळे वापरूं नयेत असें सांगितलें आहे, आणि कारण दिलें आहे तें समुद्रांतल्या लोहचुंबकाच्या खडकांचें! तें असो. पोलोच्या वर्णनांतला माझ्या उपयोगाचा भाग असा कीं, या गलबतांना वरची तक्तपोशी नव्हती. माल भरला कीं त्यावर कातडीं पसरीत, आणि त्या कातड्यांवर हिंदुस्थानांत विकावयाचे घोडे उभे करीत. म्हणजे वरच्या पाण्यापासून संरक्षण मिळे तें मालाला. होडीनें आपलें आपण पाहावें!

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांच्या आरमाराला या वरच्या पाण्यानें चांगलाच धडा शिकविला. १८१० सालीं पाण्यांत उतरविलेलें ‘क्वीन शार्लट’ हें त्यांचें प्रचंड युद्धनौकेचें काम समुद्रावर जाण्यापूर्वींच आंतून कुजल्याचें आढळून आलें. ओलें लांकूड, कोंडलेली हवा आणि बांधणीच्या काळांत पडलेला पाऊस, अशीं त्याचीं कारणें. त्यानंतर रॉबर्ट सेपिंग्ज वगैरे तज्ज्ञांच्या प्रयत्नांनीं जहाजें बांधावयाच्या जागांवर छपरें आलीं, आणि वापरांत नसलेलीं जहाजें बंदरांत छपराखालीं ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या मुंबईशीं या गोष्टीचा जवळचा संबंध आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मुंबईच्या गोदींत मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधिली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती पाण्यांत उतरली. १८१९ मध्यें ती पोर्टस्मथ बंदरांत पोहोंचली, तेव्हां लढाया संपल्या होत्या आणि तिला काम नव्हतें. तिची डोलकाठी-दोर उतरवून वर छप्पर घालण्यांत आलें, आणि पुढें १८४५ पर्यंत, म्हणजे तब्बल सव्वीस वर्षें, ती त्या छपराखालीं होती. आजहि ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगते आहे. स्कॉटलंडांत डंडी येथें ‘युनिकॉर्न’ नांवाची १८२४ सालची दुसरी नौका आहे. तिला तर शिडें कधीं चढविलींच नाहींत. प्रारंभापासून छप्पर घालून ठेवली, आणि त्या छपरामुळें तिचें मूळचें लांकूड आजवर टिकून राहिलें. मिठबांवच्या वाळूवर माडाच्या झापांनीं जें चार महिन्यांपुरतें होई, तेंच तेथें फळ्यांनीं दोनशें वर्षें झालें.

झापें गेलीं आणि त्यांच्या जागीं ताडपत्री आली. हा शब्द ऐकून पुष्कळांना ताडाच्या पानांची आठवण होते. वास्तविक तो इंग्रजी ‘टारपॉलिन’चा, म्हणजे डांबर फांसलेल्या कापडाच्या नांवाचा, मराठी अवतार असावा. ऐकणाऱ्याच्या कानाला त्या परक्या शब्दांत ताडाचें पान ऐकूं आलें, कारण वरून घालावयाचें आच्छादन पानांचेंच असतें अशी त्याची पिढ्यान् पिढ्यांची समजूत. ताडपत्रीमागून प्लास्टिकचा कागद आला. तो स्वस्त, हलका, एका माणसाला एका तासांत पसरतां येतो, आणि त्यांतून थेंबहि गळत नाहीं. पण तो अंगासरसा गुंडाळला कीं हवा कोंडते, रात्रीं त्याच्या आंतल्या अंगाला दंव धरतें आणि तें दंव ठिबकून होडी आंतून भिजते. शिवाय आढें न घालतां तो नुसता कांठांवर ताणला, तर मध्यें झोळ पडून त्यांत पाण्याचें तळें सांचतें, आणि तें एकदम फुटून आंत येतें. साहित्य बदललें, उतार आणि वारा यांचे नियम जुनेच आहेत.

लांकडी होड्यांची जागा आतां पुष्कळ ठिकाणीं फायबरच्या होड्यांनीं घेतली आहे. ती कुजत नाहीं, त्यामुळें बुरशीचें भय गेलें. पण सव्वाचारशे लिटरांचा हिशेब तिलाहि लागू आहे. उलट ती हलकी, आणि तिच्या मागल्या टोंकाला यंत्राचें ओझें. त्यामुळें धक्क्याला बांधलेल्या अशा होडींत पाणी सांचलें कीं तें सारें मागें धांवतें, मागचा कांठ खालीं बसतो, आणि मग एक लाट पुरते. म्हणून मोठ्या पावसाच्या रात्रीनंतर धक्क्यावर पहांटेस करवंटी किंवा डबा घेऊन पाणी उपसणारीं माणसें आजहि दिसतात.

सरकारी नियमांनींहि या ऋतूला आतां तारखा लावल्या आहेत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ सालचा. यांत्रिक नौकांना पूर्वीं १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकीं जें आधीं येईल तोंपर्यंत बंदी असे. अलीकडच्या वर्षांत ती १ जून ते ३१ जुलै अशी करण्यांत आली. पंचांग आणि कायदा यांचें अंतर दरवर्षीं निराळें पडतें. २०२० सालीं नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती, २०२३ सालीं ३० ऑगस्टला. बिनयंत्राच्या लहान होड्यांना ही बंदी नाहीं. त्यांना बंदी घालतो तो समुद्रच. आणि तो तारीख पाहत नाहीं. १६ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलें तेव्हां आगोट व्हावयाची होती. अनेक होड्या अजून पाण्यांत होत्या, वर ओढलेल्यांवर छपरें चढलीं नव्हतीं. देवगड-मालवण भागांत त्या दिवशीं नौकांची मोठी हानि झाली.

नारळी पौर्णिमा जवळ आली कीं होडीवरचें छप्पर उतरवीत. वांसे पुढच्या वर्षासाठीं मांगरांत जात, झापें चुलीकडे. मग तेल चोपडणें, सांधे पाहणें, उलांडी बांधणें. इतकें होऊनहि होडी लगेच पाण्यांत लोटीत नसत. दोन-अडीच महिने छपराखालीं राहिल्यानें, आणि त्याआधीं वैशाखाच्या उन्हानें, फळ्या आंखडलेल्या असत आणि सांध्यांना बारीक फटी पडलेल्या असत. त्या बुजविण्याचा उपाय एकच: लांकूड फुगवावयाचें. म्हणून जिच्यांत पाण्याचा थेंब जाऊं नये म्हणून सारा पावसाळा डोळ्यांत तेल घालून राखण केली, तिच्यांत बायका-मुलें घागरींनीं समुद्राचें पाणी आणून ओतीत. पहिल्यानें तें सांध्यांतून झिरपून वाळूंत जाई. पुन्हां ओतावयाचें. हळूहळू झिरपणें मंदावे, आणि रात्रभर पाणी आंत ठरलें म्हणजे होडी तयार झाली असें समजावयाचें.

मग तें पाणी काढून टाकून बूच ठोकावयाचें. ज्या वृद्ध गृहस्थांची हकीकत मीं सांगितली त्यांच्या घरीं होडीचें बूच पावसाळाभर चुलीवरच्या फळीला सुतळीनें टांगलेलें असे, आणि त्याच्या शेजारींच एक लांब बारीक काठी. पाऊस पडत असेल त्या प्रत्येक सकाळीं ती काठी घेऊन ते खोपींत जात आणि तळाचें भोंक खोंचून मोकळें करीत. मुलें मोठीं झालीं, होडी त्यांच्या नांवावर झाली, तरी तें काम त्यांनीं कोणाच्या हातीं दिलें नाहीं.